चौदा बाय अठराचा हॉल

आयुष्यभर मला दोनच मापं पाठ होती. चहा अर्धा कप आणि कंबर चौतीस. पैकी कंबरेचं माप आता फक्त माझ्या बोलण्यात उरलंय. एवढ्या भांडवलावर मी सासवडच्या पुढे जमीन बघायला निघालो.

कल्पना हिची. फार्महाऊस वगैरे काही नाही. दोन खोल्या, चार आंब्याची झाडं आणि 14 बाय 18 चा हॉल. हॉल 14 बाय 18 चाच का, हे विचारायचं नसतं. आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा बसला की पाहुणे बसत नाहीत. तो फ्लॅट 1998 साली साडेसहाशे स्क्वेअर फूट म्हणून घेतला. ताबा मिळाला त्या दिवशी हिने शिवणाच्या टेपने भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं, ते 460 भरलं. बाकीचे 190 कुठे गेले विचारल्यावर बिल्डरने आम्हाला जिना, लिफ्टचा खड्डा, पाण्याची टाकी आणि वॉचमनच्या स्टुलाखालची फरशी दाखवली. या सगळ्यात आमचा वाटा होता म्हणे. याला सुपर बिल्टअप म्हणतात. पुढे 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियावर, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतल्या खऱ्या वापरायच्या जागेवर बोट ठेवलं, पण तोवर आमचं कार्पेट अठरा वर्षं अंथरून झिजलं होतं.

उघड्या रानाला ना जिना, ना लिफ्ट. तिथे कोण काय लपवणार, असं मी हिला म्हणालो. हे वाक्य ती अजून विसरलेली नाही.

शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात आधी शेतकरी असावं लागतं. मी आहे. आमच्या गावच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत, त्यातलं अकरावं माझं. तो उतारा मागवायला काकांना फोन केला आणि सहज विचारलं, “काका, आपला हिस्सा किती हो?”

“चार आणे.”

रुपयात चार आणे म्हणजे पाव! तीन एकरांचा पाव हिस्सा आपला आणि आपण इतकी वर्षं रिक्षाच्या सुट्ट्या पैशांवरून भांडत होतो, या विचाराने मला भरून आलं. पण काका जुन्या वाटणीपत्रातलं माप सांगत होते. तिथे सोळा आण्यांचा एक गुंठा. चार आणे म्हणजे पाव गुंठा, 272 स्क्वेअर फूट. त्यात हिचा हॉल बसवता येईल का, याचा विचार करत असतानाच काका म्हणाले, “आणि यंदा आणेवारी पन्नासच्या खाली आलीय बरं का.” मला वाटलं, तेही गेलं. ती पिकाची आणेवारी निघाली. नाणं म्हणून आणा 1957 ला दशमान पद्धत आल्यावर मोडीत निघाला, पण जमिनीत तो अजून पुरलेला आहे आणि नांगर लागला की वर येतो.

एजंट मात्र एकदम स्वच्छ माणूस. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, पांढरे बूट. “साहेब, वीस गुंठे, रोड टच, क्लियर टायटल, चारनं बसतंय.” चारनं म्हणजे गुंठ्याला चार लाखांनी. हेच त्याने 367 रुपये स्क्वेअर फूट असं सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे ओसाड माळाची तुलना आमच्या सोसायटीच्या पार्किंगशी केली असती. एकराला एक कोटी साठ लाख म्हणाला असता तर गाडीतून उतरलोच नसतो. जमीन तीच. पण भाव सांगताना असं माप काढायचं की आकडा आमटीतल्या मिठाएवढा वाटावा, आणि क्षेत्र सांगताना असं की ऐकणाऱ्याची छाती फुगावी, ही त्या धंद्यातली खरी विद्या.

गुंठा मला समजला होता. इंग्रजांच्या मोजणीदारांकडे तेहतीस फुटांची साखळी असायची. तिचे सोळा भाग, ते आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा, म्हणजे 1,089 स्क्वेअर फूट. असे चाळीस की एकर. त्याआधी शिवकाळात काठी होती, पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा आणि 120 बिघ्यांचा चावर, असं सभासदाच्या बखरीत आहे. आता हात म्हटला की कुणाचा, हा प्रश्न आलाच. घेणारा लांब हाताचा भाऊ पुढे करणार, विकणारा आखूड हाताचा. पण त्या लोकांनी हात किती तसूंचा तेही ठरवून टाकलं होतं. सुपर हात निघायची सोयच ठेवली नाही.

जमीन हिला आवडली. कडेला ओढा, बांधावर बाभळी, लांबवर पुरंदरचा डोंगर. मालक म्हणजे सत्तरीचे बाबा, बांधावर उकिडवे बसलेले. मी विचारलं, “बाबा, किती आहे हो रान?”

“शेरभर बाजरी पेरतो बघा यात,” ते म्हणाले. पुढे जे काही ऐकलं, त्यात एवढं एकच माप प्रामाणिक निघालं.

घरी आल्यावर हिने मोबाईलवर सातबारा उघडला. क्षेत्र 0.20.00.

“पहिलं हेक्टर, मधलं आर, शेवटचं चौरस मीटर,” मी ज्ञान पाजळलं. “शून्य हेक्टर, वीस आर. आर म्हणजेच गुंठा.”

“कोण म्हणतं?”

“एजंट.”

तिने ड्रॉवरमधून तो पिवळा टेप काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ताणून धरला. एका बाजूला साठ इंच. उलटा केला, दुसऱ्या बाजूला दीडशे सेंटीमीटर. दीडशेचा आकडा संपल्यावर टेपचं टोक येईपर्यंत बोटभर कोरी पट्टी उरली होती. चाळीस वर्षं तो टेप घरात आहे, त्याने माझ्या कंबरेचं खरं माप घेतलंय, पण ती कोरी पट्टी मी कधी पाहिली नव्हती.

“आर शंभर चौरस मीटरचा. गुंठा एकशे एक पूर्णांक सतरा शतांशचा,” ती म्हणाली. “गुंठ्यामागे सव्वा मीटर जरा कमी. वीस गुंठ्यांना किती?”

कॅल्क्युलेटरने साडेतेवीस चौरस मीटरला किंचित कमी दाखवलं. तिने त्याचे स्क्वेअर फूट केले. 252. मग ती बराच वेळ गप्प बसली.

“काय झालं?”

“चौदा अठरा किती?”

दोनशे बावन्न. हिचा अख्खा हॉल आर आणि गुंठ्याच्या फटीत पडला होता. गुंठ्याला चार लाखांच्या भावाने त्या फटीचे 92 हजार होत होते.

खाली आणखी एक ओळ होती, पोटखराब 0.02.50. हा शब्द तोवर मी केमिस्टच्या दुकानातच वापरला होता. लागवडीला निरुपयोगी असा भाग वीस आरांतच धरलेला असतो आणि भाव सगळ्याला सारखाच. हिला आवडलेला ओढा तो हाच.

बंगळूरच्या जावयाला फोन लावला. तो म्हणाला, “बाबा, इकडे थर्टी-फॉर्टी म्हणतात. 1,200 फुटांची साईट, विषय संपला.” कोलकात्याच्या त्याच्या मित्राने बिघ्याचा भाव सांगितला तेव्हा मी हरखलो. तिथला बिघा 14,400 स्क्वेअर फुटांचा, आपल्याकडे वीस गुंठ्यांचा धरतात, म्हणजे 21,780. बंगालचा बिघा सासवडला आणला तर त्यात आमचे वीस गुंठे बसणार नाहीत, एवढं कळल्यावर मी फोन करायचं थांबवलं.

शेवटी बाबांनी मोजणीचा अर्ज केला, फी आम्ही भरली. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या आणि एरवी चिटपाखरू नसलेल्या त्या माळावर मोजणीच्या दिवशी लग्नाएवढी माणसं जमली. पूर्वी टेबल मांडून, साखळी ओढत मोजायचे. आता भूकरमापक रोव्हरची काठी घेऊन येतो, ती आकाशातल्या उपग्रहांशी बोलते. उपग्रहांनी तासाभरात सांगितलं की बाभळींची ओळ शेजाऱ्याच्या बाजूने आत सरकलेली आहे. जागेवर 18.60 आर. म्हणजे गुंठे साडेअठराही नाहीत.

शेजारी म्हणाला, “झाडं वाढणारच की.”

सगळे हसले. बाबाही हसले. मग ते हिच्याकडे वळून हळूच म्हणाले, “ताई, बाजरी मात्र शेरभरच लागायची हां.” त्यांच्यावर राग धरणं शक्यच नव्हतं. एजंट मात्र वीसच्या खाली यायला तयार होईना. बांधाचं काय ते तुम्ही नंतर गोडीत मिटवा, म्हणाला. ज्या माणसाची आपल्याशी ओळख झाडाने करून दिली, त्याच्याशी गोडीत काय मिटवणार? व्यवहार मोडला. मोजणीच्या नकाशाची क प्रत तेवढी बाबांकडे राहिली. त्यांना ती बांधाच्या भांडणात उपयोगी पडेल.

परवा पुन्हा त्याच पांढऱ्या शर्टाचा फोन. “साहेब, यवतच्या बाजूला दीड एकर आलंय. एक नंबर.”

“सातबाऱ्यावर किती?” मी विचारलं. आता एवढं येतं.

“झिरो साठ. म्हणजे साठ गुंठेच की साहेब.”

मी कागद ओढला, पण गरज पडली नाही. स्वयंपाकघरातून आवाज आला, “तीन हॉल!”