गोकुळातला एकटा

मराठीत भरल्या घराला गोकुळ म्हणतात. हुबळीत मात्र ज्या रस्त्यावर विमानतळ, औद्योगिक वसाहत आणि वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचे मुख्य कार्यालय आहे त्याला गोकुळ रोड हे नाव असून, बदलीवर आलेला, कुटुंब पुण्याला किंवा सोलापूरला ठेवलेला मराठी गृहस्थ नेमका तेथेच एका खोलीत एकटा राहतो. या मानवप्रकारास येथे सोयीसाठी ‘गोकुळवासी’ म्हटले आहे. कैलासवासी व वैकुंठवासी यांच्याप्रमाणे तोही आपल्या माणसांना अंतरलेला असतो, फरक इतकाच की त्याला महिन्यातून दोनदा रेल्वेने परत येता येते.

गोकुळवासी हुबळीला परदेश मानतो. इतिहासाचा त्याला फारसा पाठिंबा नाही, कारण ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता आणि दुसऱ्या दिवशी राज्यपुनर्रचनेमुळे तो म्हैसूर राज्यात गेला. पहिल्या दिवशी फिरताना खानावळीला ‘खानावळी’, तुपाला ‘तुप्पा’ आणि अण्णा-अक्कांना अण्णा-अक्काच म्हणतात असे आढळताच, कन्नड म्हणजे थोडी हेल काढून बोललेली मराठी होय, असा सिद्धांत तो मांडतो. हा सिद्धांत संध्याकाळपर्यंत टिकतो. घरमालकीणबाई दारातून ‘ऊटा आतेन्री?’ असे विचारतात. याचा अर्थ ‘जेवण झाले का?’ एवढाच असून शेवटचा ‘री’ हा उत्तर कर्नाटकातील आदरार्थी प्रत्यय होय, जो आपल्या ‘जी’ किंवा ‘राव’ची जागा घेतो. गोकुळवासीला मात्र ‘उठा, आत या’ असे ऐकू येते, तो उठून सरळ आत जातो, आणि दारात आलेल्याला परत पाठवण्याची त्या घरी रीत नसल्यामुळे त्याच्यापुढे ज्वारीची भाकरी व एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी, येतात. शास्त्रात चुकीच्या गृहीतकावरून इतके रुचकर निष्कर्ष क्वचितच निघतात.

भाषा शिकण्याचा त्याचा निश्चय प्रामाणिक असतो, परंतु गाव त्याला साथ देत नाही. दुधाला ‘हालू’ आणि हवे याला ‘बेकू’ म्हणतात हे पाठ करून, वाटभर पुटपुटत तो दुकानाशी पोहोचतो व ‘हालू बेकू’ असे उच्चारतो, तोच दुकानदार त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ‘अर्धा लिटर देऊ की एक?’ असे स्वच्छ मराठीत विचारतो. या सौजन्यामुळे जितक्या मराठी माणसांचे कन्नड कच्चे राहिले आहे, तितके आळसामुळेही राहिले नसेल.

आपल्या एकटेपणाला तो मोठ्यांचा आधार देतो. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवीत आणि माणसांच्या गर्दीपासून दूर राहत, हे तो फोनवर पत्नीला वारंवार ऐकवतो. जी.एं.च्या एकांतातून कथा निघाल्या. याच्या एकांतातून दरवर्षी एक बदलीचा अर्ज निघतो, ज्यातील मातोश्रींच्या गुडघेदुखीचे वर्णन वाङ्मयीनदृष्ट्या उत्तरोत्तर सरस होत जाते. दरम्यान सर्व खरेदी ‘तात्पुरती’ असते: तात्पुरती बादली, तात्पुरता कुकर, तात्पुरते कपाट, आणि कपाटावर अजून न उघडलेली एक बॅग.

कालनिर्णय तो पहिली दोन वर्षे घरून आणतो. तिसऱ्या वर्षी विसरतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्नड आवृत्ती घेऊन येतो. दोन्हीकडे अमान्त पद्धत, म्हणजे अमावास्येला महिना संपवण्याची रीत, असल्यामुळे उगादी व पाडवा एकाच चौकटीत येतात आणि काही अडत नाही. त्याच चौकटींत तो रोजचा हिशेब आपल्या मराठी अक्षरात लिहितो: ‘हालू अर्धा लिटर’.