घशातला ईस्ट बंगाल

मी मितभाषी नाही, हे नीट समजावून सांगायला मला साधारण वीस मिनिटं लागतात. दूध संघाची निवडणूक असो, अमिताभचा म्हातारपणातला अभिनय असो की मेस्सीचा डावा पाय, माझं मत तयार असतं. नसलं तर बोलता बोलता होतं. आमच्या हिचं म्हणणं, मी शेवटचा गप्प होतो तो अंतरपाटाच्या पलीकडे, आणि तोही भटजींचा माईक चालू होता म्हणून.

असा मी २०२५च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याला गेलो तो फुटबॉलचा जाणकार म्हणून. कोल्हापूरचा माणूस म्हटलं की बाहेरच्यांना तांबडा रस्सा आठवतो, पण आमच्याकडे फुटबॉल पेठेच्या पाण्यातच आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की गावात पाहुण्याला चहा मिळत नाही. या थोर परंपरेत माझा वाटा म्हणजे गॅलरीत बसून खारे शेंगदाणे खाणे आणि रेफ्रीला चष्म्याचा नंबर विचारणे. चेंडू अंगाला एकदाच लागला, तोही मी पाठमोरा असताना. पण हा तपशील पुण्यातल्या नोकरीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बंगाली मित्राला सांगायची वेळ बावीस वर्षांत आली नाही. निवृत्त होऊन तो आपल्या गावी गेला आणि एक दिवस त्याचा फोन आला. १७ ऑगस्ट २०२५, रविवार, ड्युरँड कपची उपांत्यपूर्व फेरी, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. "तू एवढा एक्सपर्ट. ये."

पुलं पन्नाशीत शांतिनिकेतनात राहून बंगाली शिकले होते. मी आझाद हिंद एक्सप्रेसमध्ये दीड दिवसात 'भालो', 'खूब भालो' आणि 'आर ना', म्हणजे 'आता पुरे', एवढं शिकलो. यातला तिसरा शब्द मी वेळेवर वापरला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

स्थलदर्शन उरकून टाकतो. हावडा पूल पाहिला; एवढा अवाढव्य आणि नटबोल्ट नाहीत, सगळा रिव्हेटांवर उभा. व्हिक्टोरिया मेमोरियल पाहिलं, पांढरं आहे. कुमारटुलीत गवत नि मातीच्या अर्धवट दुर्गा पाहिल्या. त्यांना अजून तोंडं बसवलेली नव्हती. यातली सूचना मला तेव्हा कळली नाही.

बागबाजारात मात्र दादानं (तिथं मित्राला मी दादा म्हणायचं आणि त्यानं मला, असं ठरलं) मुद्दाम एका गल्लीच्या पाटीखाली उभं केलं. मराठा डिच लेन. नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांच्या धास्तीनं १७४२ साली इंग्रज कंपनीच्या वसाहतीत इथं खंदक खणायला घेतला होता. आपले बारगीर ते त्यांचे 'बर्गी'. बंगालात आजही पोरं झोपत नसली की अंगाईत त्यांना बर्गींची भीती घालतात. आपल्याकडे बागुलबुवा येतो, त्यांच्याकडे आपण येतो. पण खंदक निम्मा झाला तरी मराठे शहरावर आलेच नाहीत.

"एवढं खणलं, आणि तुम्ही आला नाहीत," दादा म्हणाला. लग्नाला न आलेल्या नातेवाइकाशी बोलावं तसा सूर.

"आलो की आता."

"दोनशे त्र्याऐंशी वर्षं उशिरा," तो म्हणाला. "आणि एकटा."

दादाचं घर म्हणजे एका छपराखालचं द्विपक्षीय सरकार. दादा पिढ्यान्‌पिढ्या उत्तर कोलकात्याचा, म्हणजे 'घोटी'. म्हणून मोहन बागान, हिरवा-मरून, आणि जेवणात चिंगडी, म्हणजे कोळंबी. बौदीचे, म्हणजे वहिनींचे, आईवडील फाळणीत बारीसालहून आलेले, म्हणजे 'बांगाल'. म्हणून ईस्ट बंगाल, लाल-पिवळा, आणि जेवणात इलिश, म्हणजे हिल्सा. या संघाचं चिन्ह मशाल. ती पाहून मी उत्साहानं "आमच्याकडे पण आहे, ठाकऱ्यांची," असं सांगितलं आणि पुढचा अर्धा तास शिवसेनेच्या फुटीवर बोललो. ऐकणाऱ्यांनी शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे दोन्ही संघ एकाच नावानं खेळतात?"

मोहन बागानची स्थापना १८८९ची, ईस्ट बंगालची १९२०ची, आणि या दोघांच्या भांडणाची रोज सकाळची. त्यासाठी दोघांकडे एकेक आकडा असतो. दादाचा आकडा १९११. त्या वर्षी २९ जुलैला मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी होते. त्याच वर्षाअखेरीस इंग्रजांनी राजधानी दिल्लीला हलवायचं जाहीर केलं, ते हरल्याच्या रागानं, असा दादाचा सिद्धान्त आहे. बौदी यावर काही बोलत नाहीत. नुसता पंजा दाखवतात. १९७५च्या शील्ड फायनलमध्ये ईस्ट बंगालनं मोहन बागानला ५-० हरवलं होतं. चहात साखर किती, याचं उत्तरही त्या पंजा दाखवूनच देतात.

रविवारी दुपारी ताटात दोन्ही पक्षांचे उमेदवार होते. नारळाच्या दुधातली चिंगडी मालाईकारी, आणि मोहरीच्या वाटणातला शोर्षे इलिश. पहिला घास कशाचा, यावर सगळ्यांचे डोळे. दादाचे जेठू, म्हणजे थोरले काका, वय ऐंशीच्या पुढं, तेही जेवण थांबवून पाहत होते. मी ठरवलं, पाहुण्यानं बाजू घेऊ नये, भाषण करावं. म्हणून इलिशचा मोठा तुकडा तोंडात टाकून मी कोल्हापुरी फुटबॉलचा आक्रमक बाणा समजावायला सुरुवात केली.

इलिशमध्ये काटे नसतात, काट्यांमध्ये थोडा इलिश असतो. तिथली पोरंसुद्धा एका गालात भात फिरवत जिभेनं केसासारखा काटा अलगद बाहेर काढतात. आम्ही मटणवाले. आमचं हाड कसं, ताटात पडलं की आवाज करतं. "आमच्या पेठेत एकदा सेंटर फॉरवर्डनं..." एवढं म्हणालो आणि वाक्य तिथंच राहिलं. ते अजून तिथंच आहे.

पहिली पाच मिनिटं कुणाला कळलंच नाही. मी नाट्यमय विराम घेतलाय असं वाटून सगळे आदरानं थांबले. मग माझे डोळे पाहून बौदी ओरडल्या, "काँटा!"

त्यांनी कोरड्या भाताचा गोळा केला आणि न चावता गिळायला लावला. दादानं केळं पुढं केलं. भात हा बांगाल उपाय आणि केळं हा घोटी उपाय, हे मला तेव्हाच कळलं. दादाचा पुतण्या भाजपवाला. त्यानं मोबाईलमध्ये पाहून व्हिनेगर आणलं. समोरचे काका तृणमूलचे. ते खिडकीतूनच "पाठीत बुक्का मारा" म्हणाले. कोपऱ्यावरचे होमिओपॅथ डाक्तारबाबू कुणी न बोलावता सिलिशियाच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या घेऊन हजर झाले आणि गोळ्या देण्याआधी विचारते झाले, "काटा कुणाच्या घरचा?"

"मासा कुणाचा ते बघा," दादा म्हणाला. "पाहुण्याला टोचणारा मासा! चिंगडीनं कधी कुणाचा घसा धरलाय?"

"चिंगडी मासाच नाही," बौदी म्हणाल्या. "झुरळाची बहीण आहे. ज्याला कणाच नाही तो टोचणार कशानं?"

इतकं झाल्यावर माझ्या घशाकडे कोण बघतो? मी कोमट पाण्याच्या गुळण्या करत होतो आणि चर्चा पुढं सरकली. जेठू जुने कम्युनिस्ट. म्हणाले, धीर धर, काटा इतिहासाच्या नियमानं आपोआप निघेल. पुतण्या म्हणाला, "तुम्ही १९७७ ते २०११, चौतीस वर्षं अडकून होतात. एवढा वेळ नाहीये, सातला मॅच आहे." समोरचे काका खिडकीतून खूश होऊन हसले. जेठूंनाही हसू आलं. त्यांनी मला सांगितलं, की १९७७मध्ये दोन चमत्कार झाले. जूनमध्ये डाव्यांचं सरकार आलं आणि सप्टेंबरात पेले आला. ईडन गार्डन्सवर पेलेच्या कॉसमॉसला मोहन बागाननं २-२ असं रोखलं. "पेले लवकर परत गेला. शहाणा होता," असं पुतण्या पुटपुटला.

मग सिनेमा. उत्तमकुमार की सौमित्र, यावर घरात तीन मतं पडली. माणसं चार होती, पण जेठूंनी दिग्दर्शक ऋत्विक घटकला मत देऊन ते बाद करून घेतलं. १९७१च्या 'धन्यि मेये'चा विषय निघाला, ज्यात उत्तमकुमार फुटबॉलवेडा आहे आणि आपली जया भादुरी नायिका. त्यात फुटबॉलचं गाणं गायलेले मन्ना डे मोहन बागानचे, आणि सचिनदेव बर्मन कट्टर ईस्ट बंगालचे. मन्नादांनी मराठीतही गायलंय, हे सांगायला माझा जीव तडफडत होता. कागदावर लिहून पुढं केलं. दादानं वाचलं न वाचलं आणि त्यावर केळ्याची साल ठेवली.

तेवढ्यात हिचा व्हिडिओ कॉल. बौदींनी माझा उघडा जबडा दाखवून परिस्थिती सांगितली. ही मालवणची. तिकडच्या माणसाला माशाच्या काट्याचं काय कौतुक? ती शांतपणे म्हणाली, "अजिबात बोलता येत नाहीये?" बौदी म्हणाल्या, एक शब्द नाही. ही म्हणाली, "एक मिनिट हं," आणि तिनं तिच्या बहिणीलाही कॉलवर घेतलं.

डॉक्टर रविवारी संध्याकाळी मिळेना. खरं सांगायचं तर सामन्याच्या संध्याकाळी कुणी शोधेना. श्वास नीट चालत होता, पाणी जात होतं, तेव्हा मला स्टेडियमवर न्यायचं ठरलं. तिकिटं दोन्ही बाजूंची होती, प्रश्न एवढाच की पाहुणा कुठं बसणार. बौदींनी निकाल दिला. "आमचा मासा त्याच्या आत आहे. तो आमचा."

सॉल्ट लेक स्टेडियमच्या फाटकाशी नवरा-बायको वेगळे झाले. दादानं बौदींची पाण्याची बाटली भरलेली आहे ना ते पाहिलं, छत्री त्यांच्या हातात दिली, "हराल" म्हणाला आणि हिरव्या-मरून गर्दीत शिरला.

आत जो आवाज होता तो लिहिता येत नाही. सबंध आयुष्यात एवढ्या माणसांत मी एकटा गप्प बसलोय, असं कधी झालं नव्हतं. आणि गप्प बसलं की माणसाला ऐकू येतं, हा शोध मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी लागला. मध्यंतराला बौदी मैदानाकडे बघत, माझ्याकडे न वळता बोलू लागल्या. आदल्या वर्षी याच सुमाराला, १८ ऑगस्टला, इथंच हाच सामना व्हायचा होता. त्याआधी ९ ऑगस्टला आर. जी. कर रुग्णालयात त्या तरुण डॉक्टर मुलीवर बलात्कार झाला, तिचा खून झाला. शहर रस्त्यावर आलं होतं. बंदोबस्ताचं कारण देऊन सामना रद्द केला. तरी लोक आले. लाल-पिवळे, हिरवे-मरून, तिसऱ्या, मोहम्मेडन क्लबचे काळे-पांढरेसुद्धा. बायपासवर सगळे एकत्र न्याय मागत उभे राहिले. लाठ्या चालल्या.

"तुझा दादा मला शोधत आमच्या बाजूला आला," बौदी म्हणाल्या. "त्यांची जर्सी घालून. आमची पोरं त्याला 'काका, पुढं या' म्हणत होती. एकानं दुसऱ्या क्लबच्या पोराला खांद्यावर घेतलं होतं. बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं त्या एका मॅचला एका बाजूला उभे होतो. आणि ती मॅच झालीच नाही."

मला काही बोलायचं होतं. सवयीनं तोंड उघडलं. शब्द नव्हते, काट्यामुळे नव्हे. मी आवंढा गिळला, आणि त्याबरोबर काहीतरी खरवडत खाली गेलं.

काटा गेला होता. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बोलावं लागलं असतं.

ईस्ट बंगाल २-१ जिंकलं. त्यांचे दोन्ही गोल दिमित्रिओस दियामान्ताकोस या ग्रीक गड्यानं मारले. त्याचे पूर्वज मुळात बारीसालचेच असावेत, असं आमच्या ओळीत एकमतानं ठरलं. रात्री घरी दादा दार उघडायला आला तो पंजा वर करूनच. बौदींचं काम त्यानंच आटोपलं. त्यांनी त्याला आधी जेवायला वाढलं. चिंगडीच होती.

सोमवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत बघून सांगितलं, "काटा नाही. केव्हाच गेलाय. ओरखडा आहे, तो दोन दिवस टोचेल." झालं. बौदी म्हणाल्या भातानं गेला. दादा म्हणाला केळ्यानं. होमिओपॅथ म्हणाले तिसऱ्या पुडीनं. समोरचे काका खिडकीतून बुक्क्याचं श्रेय घेऊन मोकळे झाले, तर बुक्का कुणी मारलाच नव्हता. जेठू म्हणाले, इतिहासाचा नियम. निवडणूक निकालाच्या रात्री टीव्हीवर असतं तसं झालं. मला कुणी विचारलं नाही. ज्याच्या घशात अडकलेलं असतं, त्याला कोण विचारतं?

बुधवारी परतीच्या गाडीत दादाचा फोन. उपांत्य फेरीत डायमंड हार्बर एफसीनं ईस्ट बंगालला २-१ हरवलं होतं. २०२२मध्ये स्थापन झालेला, तृणमूलचे खासदार अभिषेक बॅनर्जी यांचा हा क्लब. "समोरचे काका खिडकीत उभं राहून 'खेला होबे' ही पक्षाची घोषणा ओरडतायत," दादा सांगत होता. हे सांगताना तो आनंदी असायला हवा होता. मग आवाज खाली करून म्हणाला, "बौदी जेवली नाहीये. इलिश आणायला निघालोय."

कोल्हापुरात पोचलो. हिनं चहा दिला, समोर बसली आणि पुढच्या दोन तासांची तयारी ठेवून विचारलं, "मग, कसा झाला प्रवास?"

"चांगला झाला," मी म्हणालो.

ती वाट पाहत राहिली. थोड्या वेळानं उठली, आतून बॅटरी घेऊन आली आणि म्हणाली, "आ करा बघू."