परसातलं आवर्तन

नगर जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात पहिला. १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर. त्यात अख्खा गोवा चार वेळा मावतो आणि वर एखाद-दुसरा तालुका शिल्लक राहतो. त्यामुळे 'आम्हीही नगरचेच' असं कुणी म्हणालं की लगेच गळ्यात पडू नये. आधी तालुका विचारावा. अकोल्याचा माणूस कळसूबाईच्या ढगात आणि भाताच्या खाचरात वाढलेला असतो, पाथर्डीचा टँकरच्या रांगेत. अशा दोघांना एका मांडवाखाली आणायचं तर एक लग्न तरी लागतं, नाहीतर उन्हाळ्याची सुट्टी. २०२४ मध्ये जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या. आमचे मामा मात्र अहमदनगर होतं तेव्हाही 'नगर' म्हणायचे आणि आताही 'नगर'च म्हणतात.

आमचं आजोळ श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या पाटाकडेला, उसात बुडालेल्या एका वस्तीवर. मे महिन्यात तिथल्या परसात सगळं गणगोत जमतं. आम्ही पुण्याहून निघतो. पुणे-नगर हा रस्ता आहे असं नकाशात दाखवतात. प्रत्यक्षात वाघोली, शिक्रापूर आणि रांजणगाव या तीन ठिकाणी भरणारा तो वाहनांचा मुक्काम आहे. शिरूरला घोडनदी ओलांडली आणि मी उत्साहानं म्हणालो, "आला बरं का नगर जिल्हा!" मुलानं लगेच सँडल पायात घातले. अजून निम्म्याहून जास्त प्रवास बाकी आहे हे कळल्यावर त्यानं ते काढले आणि पुढं राहुरीपर्यंत माझ्याशी तो बोलला नाही.

सुप्याच्या पुढं रसवंतीवर थांबलो. रसवंतीचं नाव कानिफनाथ. रस्त्यानं दिसलेल्या बऱ्याच रसवंत्यांचं नाव कानिफनाथच होतं. 'कानिफनाथांची समाधी मढीला, पाथर्डी तालुक्यात. तिथल्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो,' ही माहिती मी मुलांना दिली. त्यातलं त्यांना गाढव तेवढं लक्षात राहिलं. "बर्फ कमी टाका," असं आम्ही चौघांनीही वेगवेगळं सांगितलं. रसवाल्यानं चौघांनाही मान डोलावली आणि चारही ग्लासांत सारखाच बर्फ टाकला.

नगरच्या पुढं विळद घाट उतरताना मला दरवर्षी भूगोल सुचतो. नगर शहर सीनेच्या काठी, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात. घाट उतरून राहुरीकडं निघालं की मुळा-प्रवरेचा, म्हणजे गोदावरीचा मुलूख. मी हे सांगायला तोंड उघडलं आणि नगर-मनमाड रस्त्यानं ते बंद केलं. या रस्त्यावर बोलताना जीभ चावली जाते हा अनुभव सार्वत्रिक असावा. कारण इतक्या गप्पिष्ट जिल्ह्यात याच रस्त्यावरच्या गाड्यांत माणसं गप्प बसलेली दिसतात. राहुरी गेलं, राहुरी फॅक्टरी आली. हे गावाचं नाव आहे. इकडं कारखान्यांनी नुसती साखर काढली नाही, गावंही काढली.

आमच्याआधी एक पाहुणे पोचले होते: मावसबहिणीचे यजमान, नवी मुंबईच्या सीबीडी बेलापूरचे. श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनचं नावही बेलापूरच आहे. त्यामुळे 'बेलापूरहून निघतो, सकाळी बेलापूरला उतरतो' असं सांगून त्यांनी रजा मागितली तेव्हा साहेबांनी त्यांच्याकडं काळजीनं पाहिलं म्हणे. बरं, स्टेशनवर उतरल्यावर रिक्षावाल्यानं विचारलं, "बेलापूरला जायचं का?" कारण खरं बेलापूर गाव तिथून पुढं काही किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी. हे जावई तेव्हापासून कुठल्याही पत्त्याला पटकन 'हो' म्हणत नाहीत.

परस म्हणजे घरामागची लांबरुंद जागा. मधोमध लिंबाचं झाड. एका अंगाला गोठा, दुसऱ्या अंगाला विटांची न्हाणी, तिच्या डोक्यावर काळी टाकी, आणि चहूबाजूंनी ऊस. यंदा विहिरीनं तळ दाखवला होता, बोअर अर्धा तास चालून दम टाकत होता आणि पाटाचं आवर्तन सुटायचं होतं. न्हाणी एक, माणसं पंचवीसच्या आसपास. मामा पाणीवापर संस्थेचे माजी अध्यक्ष. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी लिंबाखाली बाजेवर उभं राहून जाहीर केलं, "आंघोळी टेल टू हेड होतील."

शहरी वाचकांसाठी सांगतो. पाटाला पाणी सुटलं की वरचे, म्हणजे हेडचे शेतकरी दणकून भिजवतात आणि शेवटच्या टोकाला, टेलला, ओलही पोचत नाही. म्हणून नियम असा की आधी शेवटच्या टोकाचं भिजवायचं आणि मग वर सरकत यायचं. मामांनी हाच नियम नात्यागोत्याला लावला. ज्याचं गाव प्रवरेच्या जितकं वर, त्याचा नंबर तितका मागं.

आमच्या घराण्याचा वंशवृक्ष काढायचाच झाला तर तो नदीच्या नकाशावर काढावा लागेल. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, अकोल्याचे. भंडारदरा धरण त्यांच्या तालुक्यात. इंग्रजांनी १९२६ मध्ये ते पूर्ण केलं, पण दाजी बोलतात असे की त्यांच्या आजोबांनी जागा दाखवली नसती तर इंग्रज तसेच परत गेले असते. श्रीरामपूरच्या उसाकडं हात करून ते म्हणतात, "हे सगळं आमच्या पाण्यावर." मावशी संगमनेरच्या तळेगाव भागातली, म्हणजे नदी तालुक्यात असून पाणी नसलेल्या पट्ट्यातली. तिचं लग्न १९७० चं आणि निळवंडे धरणाची कथाही त्याच सालापासूनची. लग्न ठरवताना तिच्या सासऱ्यांनी 'दोन-तीन वर्षांत कालवा येतोय' असं सांगितलं होतं. डाव्या कालव्याचं उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२३ मध्ये. मधल्या काळात प्रकल्पाचा खर्च काही कोटींवरून पाच हजार कोटींच्या पुढं गेला आणि मावशीला पणतू झाला. मामांची सून पैठणची, म्हणजे थेट जायकवाडीची. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की या घरात सासू-सुनेचं भांडण व्हायला दुसरं कारण लागत नाही. आणि पाथर्डीची आजी, म्हणजे आमच्या आजीची धाकटी बहीण. ती कुठल्याच पाटावर नाही, ना हेडला ना टेलला.

यादी लागली. पैठणची सून पहिली; ती ओठ मुडपून हसली आणि शिकेकाईचं वाटण घेऊन न्हाणीत गेली. दाजी शेवटी. "धरण आमचं आणि आम्हीच कोरडे?" त्यांनी विचारलं. "धरणाकाठच्या गावांचं तसंच असतं दाजी," मामी म्हणाल्या, आणि हे इतकं खरं होतं की दाजी गप्प बसले. उरलो आम्ही पुणेकर आणि बेलापूरचे जावई. मामांनी चष्मा पुसला. "पुणं भीमेच्या खोऱ्यात, बेलापूर समुद्राकाठी. खोऱ्याबाहेर पाणी देता येत नाही."

"पण पश्चिमेचं वाया जाणारं पाणी गोदावरी खोऱ्यात वळवणार आहेत ना?" जावयांनी पेपरात वाचलेलं सांगितलं.

"वळवा की. येताना आणायचंत."

शेवटी तोडगा असा निघाला की खोऱ्याबाहेरच्यांनी आणि सगळ्या पोरांनी नमुना नंबर सातचा अर्ज भरायचा. पाटबंधारे खात्याकडं पाणी मागताना शेतकऱ्याला भरावा लागतो तोच. पोरांनी वहीची पानं फाडली. आमच्या मुलीचा अर्ज मी पाहिला: 'मागणी: एक बादली. पिकाचं नाव: मी. कारण: आमरस केसात गेला.' मामांनी तो खालून वरून वाचला, 'पाणी उपलब्धतेनुसार' असा शेरा मारला आणि सही केली. पाणीपट्टी म्हणून दुसऱ्या दिवशी कुरडयांची राखण ठरली.

कुरडयांचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. तीन दिवस भिजवून वाटलेल्या गव्हाचं सत्त्व रात्रभर बसलेलं असतं. वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खालचा पांढरा गोळा मिठाच्या आधणात ओतून हाटायचा. हाटायचं म्हणजे चुलीसमोर उकिडवं बसून, दोन्ही हातांनी दांडा धरून, गुठळी होऊ न देता, पातेलं न कलंडता, धूर डोळ्यांत जात असताना सासरच्या माणसांविषयी बोलत राहायचं. बोलणं थांबलं की गुठळी होते असा मामींचा अनुभव आहे. चीक शिजला की आधी पोरांच्या वाट्या. शाळेच्या दिवसांत सातला ओढून काढावी लागणारी आमची कन्या साडेचारला वाटी घेऊन चुलीपाशी हजर होती. काहींनी चिकात दूध-साखर घेतली, काहींनी तेल-तिखट. या दोन पक्षांत समझोता शक्य नाही. मग सोऱ्या. माझ्या बायकोनं पहिली कुरडई घातली ती भारताच्या नकाशासारखी आली. "राहू दे," मामी म्हणाल्या, "तळल्यावर फुगंल आणि काश्मीर बरोबर जागेवर येईल."

बाजांवर प्लॅस्टिक अंथरून कुरडया वाळत पडल्या आणि पोरं काठ्या घेऊन राखणीला बसली. कावळ्यांनी काही नेलं नाही. ओल्या कुरडया पोरांनीच खाल्ल्या आणि आळ शेळीवर घेतला.

रात्री त्याच बाजा माणसांसाठी मोकळ्या होतात. उघड्यावर झोपण्याची हौस पाहुण्यांना असते, कारण त्यांनी बिबट्या पाहिलेला नसतो. उसात बिबट्या राहतो. तिथंच वितो, तिथंच पिल्लं वाढवतो, आणि वनखात्यानं शेळी बांधून पिंजरा लावला की कधी सापडतो, कधी नुसता वास घेऊन जातो. मामांनी हे सगळं जेवणानंतर, बडीशेप चघळत, शांतपणे सांगितलं. त्यानंतर परसात बाजांची जी हलवाहलव झाली ती पाहण्यासारखी होती. प्रत्येकाला मधली बाज हवी होती. प्रत्येक जण दुसऱ्याला 'इकडं वारं छान लागतंय' म्हणून कडेची जागा देत होता. दाजींनी एकदम जाहीर केलं की त्यांना दवाचा त्रास होतो. मे महिन्यात! पाथर्डीच्या आजीनं मात्र कडेची बाज ओढली, घोंगडी घेतली आणि म्हणाली, "बहात्तरला सुकडी खाऊन खडी फोडली आम्ही. माझ्या अंगावर त्याला खायला काय हाये?"

शेतीची थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. बारा वाजता मोटर चालू करायला जायचं. बोअरचं जे काय अर्धा तास पाणी निघेल ते टाकीत घ्यायचं. मामा बॅटरी घेऊन उठले आणि सोबतीला मला आणि जावयांना उठवलं. जावयांना तसंही उठायचंच होतं. त्यांचा अमेरिकेचा कॉल होता आणि वस्तीवर रेंज फक्त पाटाच्या भरावावर मिळते. एरवी मामा बिबट्यासाठी मोबाइलवर मोठ्यानं भजन लावतात. त्या रात्री जावयांनी स्पीकर चालू केला. दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस, वर चांदणं, आणि मधून इंग्रजीत तिमाहीचा आढावा चाललेला. कुणीतरी मोठ्यानं आकडे सांगत होतं, दुसरा ते नाकारत होता, तिसऱ्याचा माइक बंद होता आणि चौथा त्याला तेच सांगत होता. मामा कौतुकानं ऐकत होते. "आमच्या संस्थेची वार्षिक सभा अशीच असती," ते म्हणाले. "बिबट्या काय, कोरमसुद्धा थांबत नाही."

मोटरपाशी पोचलो तेव्हा मामा थबकले. त्यांनी बॅटरी पाटात मारली. तळाच्या वाळलेल्या शेवाळावरून, काटक्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि एक चप्पल पुढं ढकलत, गढूळ पाण्याची जीभ सावकाश सरकत येत होती. आवर्तन सुटलं होतं. मामांनी जावयांच्या हातातला मोबाइल घेतला आणि त्यात ओरडले, "पाणी आलं रे!" अमेरिकेतून बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका बाईनं विचारलं, हा मुद्दा विषयपत्रिकेवर कितवा?

सकाळी न्हाणीकडं कुणी फिरकलं नाही. सगळं गणगोत पाटावर. पोरं कमरेला रिकामे डबे बांधून, मामा लुंगी सावरून, पैठणची सून बांधावर पाय सोडून ("हे आमच्याकडंच चाललंय, तुम्ही नुसते मधले," असं ती नणंदेला सांगत होती). मावशी तिच्या नातवाला दाखवत होती की कालवा म्हणतात तो असा असतो. दाजी मात्र काठावर छाती काढून उभे. प्रत्येक डुबकी मारणाऱ्याकडून आभाराची अपेक्षा असल्यासारखे ते पाहत होते, आणि शेवटी न राहवून म्हणालेच, "कसं आहे आमचं पाणी?"

दुपारी काळ्या मसाल्याचं मटण होतं. दाजी परसात सगळ्यांच्या आधी ताटावर येऊन बसले. मामींनी डाव वर धरला. "पंगत बी टेल टू हेडच हाये दाजी."

पैठणपासून वाढत वाढत, संगमनेरमार्गे पातेलं अकोल्याला पोचेपर्यंत तळाशी फोडी उरल्या नव्हत्या. दाजींच्या वाटीत नुसता रस्सा पडला. "आन् रस्सा म्हणाल," मामी म्हणाल्या, "तर तो काय, तुमच्याच पाण्याचा."