बुलेटच्या माहेरी

आमच्या घरात दोन विषयांवर माझा शब्द शेवटचा मानतात. एक बुलेट. दुसरा विषय बायकोने अजून जाहीर केलेला नाही.

बर्मिंगहॅमला मावसभावाकडे उतरलो, तर त्याच्या गॅरेजात साठ सालच्या सुमाराची रेडिचची बुलेट! शेक्सपिअरचं गाव वगैरे तिथल्या तिथे बारगळलं. "दादा, इथे चालवायला लायसन्स लागेल," तो म्हणाला. लायसन्स मी बनियनांच्याही आधी बॅगेत भरलं होतं. भावाला मागे बसवून थेट रेडिच गाठलं.

रेडिच हे बुलेटचं माहेर. 1955 मध्ये तिला मद्रास हे सासर मिळालं, ती तिकडेच रमली, आणि 1967 मध्ये माहेरचा कारखाना बंद पडला. गाव मुळात सुयांचं. एनफिल्डच्या पूर्वजांचा धंदाही सुयांचाच. फोर्ज मिलच्या संग्रहालयात सुया घासायची यंत्रं पाणचक्कीवर फिरतात. बघण्यासारखी आहेत. पुढचे तीन तास मात्र मी बाहेर पार्किंगमध्ये वेगळ्याच सुईकडे बघत काढले.

ही सुई अँपिअर मीटरची. किक सावकाश दाबली की ती डिस्चार्जकडे झुकते, पॉइंट उघडले की मधोमध येते. तिथे लाथ घातली की गाडी उठते. कोल्हापुरात हे पोराटोरांना ठाऊक असतं. इथे सुई ढिम्म. हॉर्न मुका. हेडलाइट आंधळा.

"पेट्रोल संपलं असेल का, दादा?"

हॉर्न पेट्रोलवर वाजत नाही, हे मी थोरल्या भावाच्या आवाजात सांगितलं आणि चाळीस किका मारल्या. इंग्लंडातला पाऊस पडत नाही, नुसता अंगाला चिकटतो. जाणारे-येणारे "लव्हली बाइक" म्हणून पुढे जात होते. पडलेल्या माणसाला "छान पडलात" म्हणावं तसं वाटत होतं.

मग बॅटरी उघडली आणि मला गुन्हेगार सापडला. लाल वायर, म्हणजे पॉझिटिव्ह, चक्क चॅसीला बोल्टने आवळलेली! कुठल्या गाढवाने हे केलं? इंग्रज मेकॅनिकची अक्कल काढत मी दोन्ही वायरींची अदलाबदल केली, बोल्ट पान्याने करकचून आवळला आणि चावी फिरवली.

फट्. फ्यूज गेला. मागोमाग जळका वास.

शेजारच्या गाडीतून सत्तरी ओलांडलेले एक आजोबा उतरले. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "पॉझिटिव्ह."

"येस, आय अ‍ॅम ट्राइंग," मी म्हणालो.

"नो, नो. पॉझिटिव्ह!"

एवढ्या पावसात कोणी धीर देतोय म्हणून मला भरून आलं. मी दोनदा थँक यू म्हटलं. शेवटी त्यांनी बॅटरीच्या अधिक चिन्हावर बोट ठेवलं, मग चॅसीवर. तेव्हा उजेड पडला: त्या काळच्या बहुतेक इंग्रजी गाड्यांत अर्थ (चॅसीला जोडलेली बाजू) पॉझिटिव्हच असायचा. आपल्याकडच्या निगेटिव्ह अर्थच्या नेमका उलटा. गाढव कोण, हा प्रश्न निकालात निघाला.

मूळ दुखणं तर याहून लाजिरवाणं. भावाने चॅसीला नवाकोरा रंग मारून घेतला होता आणि अर्थचा बोल्ट त्या रंगावरच बसला होता. रंगातून वीज जात नाही. तो बोल्ट करकचून आवळताना मी नकळत खरा दोष दुरुस्त केला होता. त्यामुळेच तर उलट्या बॅटरीचा करंट सरळ रेक्टिफायरमध्ये घुसला. फ्यूजने जीव देऊन बाकी सगळं वाचवलं.

आजोबांनी नाण्याच्या कडेने बोल्टखालचा रंग खरवडला, वायरी जागच्या जागी लावल्या, आपल्या गाडीतला फ्यूज बसवला. चावी फिरवताच पिवळट उजेड. किकवर पाय ठेवून ते मला म्हणाले, सुई बघ.

बाबांच्या बुलेटच्या टाकीवर बसून माझं हेच काम असायचं. ते किक हळूहळू दाबायचे, मी मीटरला नाक लावून बसायचो. शाळेला रोज उशीर. पण सुई मधोमध आल्याशिवाय बाबा लाथ घालत नसत, आणि ती आल्याचं सांगायचा मान फक्त माझा.

सुई झुकली. थांबली. मधोमध आली.

"आली!" मी ओरडलो.

मराठीचं एक अक्षर न येणाऱ्या त्या माणसाने त्याच क्षणी लाथ घातली. धड्, धड्, धड्.

भावाने माझ्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं. "दादा, तुम्ही मागे बसा."