आवाजाचे कोतवाल

रेल्वेचा माणूस टेलिफोनचा मुखत्यार झाला, ही बातमी आमच्या सतवासला मोबाइलवरच पोचली, आणि ती पोचली याचंच चौकात आधी कौतुक झालं. २०२४ च्या जानेवारीत अनिल कुमार लाहोटी 'ट्राय'चे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, अध्यक्ष झाले. त्याआधी ते रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष होते, आणि त्याच्याही आधी मुंबईला मध्य रेल्वेचे महाव्यवस्थापक. शिक्षण ग्वाल्हेरच्या माधव इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे शिंदेशाहीतलं, जवळपास घरचंच. सतवास हे देवास जिल्ह्यातलं, कन्नौद-खातेगावच्या पट्ट्यातलं तहसिलीचं गाव. इथे रेल्वे नाही. तेव्हा काका म्हणाले, "गाडी नाही आली तर नाही, गाडीवाला तरी वाट्याला आला. आता सिग्नल तरी मिळेल."

काका चेष्टा करत होते, पण माझ्या डोक्यात ती खुर्ची जाऊन बसली. देशात कोण काय बोलणार, कोण काय ऐकणार आणि त्याचे किती पैसे पडणार, हे बघणारी माणसं मुळात कुठून येतात? सासरी आलेल्या सुनेच्या फोडणीत माहेर राहतंच, तसं यांचं पूर्वीचं खातं यांच्या कामात उतरत असणार. 'ट्राय' १९९७ साली निघालं तेव्हा पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती सोधी होते. तीन वर्षांत सरकारने कायदाच बदलला, तंटे ऐकायला वेगळं न्यायाधिकरण काढलं, आणि अध्यक्षपदी स्टेट बँकेचे माजी अध्यक्ष वर्मा आले. न्यायाधीश गेले, मुनीमजी आले. पुढे बरीच वर्षं सनदी अधिकाऱ्यांची रांग. त्यातले राम सेवक शर्मा कॉम्प्युटरमधले पंडित. आकड्यांवर त्यांचा इतका भरवसा, की २०१८ साली त्यांनी स्वतःचा आधार क्रमांक जाहीर करून 'काय बिघडवायचं ते बिघडवा' असं जगाला आव्हान दिलं. लोकांनी त्यांचा फोन नंबर, पत्ता, जन्मतारीख शोधून भराभर मांडली. शर्मा म्हणाले, यात माझं काही बिघडलं नाही. हिशेबी माणूस हिशेबाला असा चिकटून राहतो.

पण या सगळ्या मंडळींत माझा जीव अडकतो तो एका पुणेकरात. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. काशी विद्यापीठ, मग पॅरिसची डॉक्टरेट, काँग्रेसचं काम, आणि वर धृपदाची तालीम. १९५२ साली ते माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि दहा वर्षं राहिले. आता गाणं शिकलेला मंत्री रेडिओला मिळाला, यापेक्षा भाग्य ते कोणतं? केसकरांनी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, रेडिओ संगीत संमेलनं भरवली, शास्त्रीय गायन दारोदार नेलं. हे सगळं खरंच मोठं काम आहे. आणि त्याच हाताने त्यांनी सिनेमाची गाणी कमी करायला घेतली. गाण्यासोबत चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, म्हणून तेही बंद. निर्माते रुसले, त्यांनी परवानगी काढून घेतली, आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसंच झालं.

लोकांनी काय केलं? काटा फिरवला. त्याच १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागली, आणि बुधवारची संध्याकाळ देशाने कोलंबोला देऊन टाकली. आमच्याकडे त्या काळचा मर्फी रेडिओ अजून आहे. त्याच्या कापडी जाळीवर डाव्या बाजूला एक तेलकट गोल डाग आहे. आजोबा तिथे कान लावून बसत, कारण शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा जवळ यायचा आणि लांब जायचा. रेडिओच्या मागच्या बाजूला खिळ्याला लायसन्सची पुस्तिका टांगलेली. वर्षाकाठी पोस्टात पैसे भरायचे, तिकिटं चिकटवून घ्यायची, त्यावर पोस्टमास्तर शिक्का मारणार. म्हणजे आमच्या गल्लीपुरता नभोवाणीचा नियामक पोस्टमास्तरच. कोण काय ऐकतंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. शिक्का नीट उमटला की नाही, एवढंच तो बघायचा. आजोबा लायसन्सचे पैसे दिल्लीला भरत आणि गाणी सिलोनची ऐकत. हा सगळा व्यवहार पोस्टमास्तरच्या शिक्क्यानिशी, अगदी कायदेशीर.

अखेर १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती निघाली आणि दिल्लीने सिनेमाच्या गाण्याला पुन्हा घरात घेतलं, तेही केसकरांच्याच अमदानीत. मला यात गंमत वाटते ती वेगळीच. चांगलं संगीत कोणतं हे दिल्लीत ठरायला लागलं, त्याच्या थोडं आधी आमच्याच जिल्ह्याच्या गावी, देवासला, क्षयाने अंथरुणाला खिळलेले कुमार गंधर्व माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकत पडले होते. केसकरही जाणकार आणि कुमारही जाणकार. पण एकाच्या हातात स्वीच होता आणि दुसऱ्याला नुसते कान. माझं मत विचाराल तर, ज्या गोष्टीवर माणसाचा फार जीव आहे तिचा कोतवाल त्याला करू नये. तो चोर पकडायचं सोडून मालाची प्रत बघत बसतो.

विलायतेतला दाखला तर उलटाच आहे. बीबीसीचे पहिले प्रमुख जॉन रीथ हे स्कॉटलंडचे इंजिनिअर. १९२२ साली जाहिरात बघून त्यांनी अर्ज केला, तेव्हा नभोवाणी म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आणि निभावलं की! आपल्या देवासच्या थोरल्या पातीत १९२१ साली महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून येऊन राहिलेले इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर साहेब पुढे इंग्लंडात नागरी स्वातंत्र्याच्या परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले आणि सेन्सॉरच्या विरुद्ध बोलत राहिले. दरबाराची चिटणिशी केलेल्या माणसाला हुकमांचा वीट आला असेल, असा आपला माझा तर्क.

छापील मजकुराचा कारभार मात्र न्यायाधीशांकडे, आणि इथे मराठी माणसाने कॉलर ताठ करायला हरकत नाही. १९६६ साली प्रेस कौन्सिल निघालं, त्याचे पहिले अध्यक्ष न्या. जनार्दन मुधोळकर. नंतर न्या. पी. बी. सावंत. २०२२ साली न्या. रंजना देसाई आल्या, या पदावरच्या पहिल्या बाई. सर्वोच्च न्यायालयात ज्यांच्या शब्दावर सरकारं हलली, ते इथे आल्यावर समज देऊ शकतात, नापसंती नोंदवू शकतात, दंड मात्र एक पैशाचा नाही. सावंतांनी तर प्रेस कौन्सिलवर येण्याआधीच मोठा घाव घातला होता. १९९५ च्या फेब्रुवारीत, बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निकाल त्यांनी दिला. भांडण क्रिकेटचे सामने टीव्हीवर कोण दाखवणार याचं, आणि त्यातून आकाश जनतेचं ठरलं. केसकरांच्या काळात हा निकाल असता तर जाळीवर आजोबांचा डाग पडलाच नसता.

असो. दिल्ली लांब आहे. सतवासचा खरा नियामक म्हणजे एसडीएम, उपविभागाचे दंडाधिकारी साहेब. केबलच्या १९९५ च्या कायद्यात कलेक्टर आणि एसडीएम हेच 'अधिकृत अधिकारी'. नियमबाह्य कार्यक्रम थांबवायचा, यंत्रं जप्त करायची, ते त्यांनी. मध्य प्रदेशाचा कोलाहल नियंत्रण कायदा १९८५ चा, आणि २०२३ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री मोहन यादवांनी पहिलाच हुकूम भोंग्यांवर काढला, तेव्हापासून डीजेवाले जरा बिचकून असतात. या खुर्चीवर कुणी शेतकीचा पदवीधर येतो, कुणी इंजिनिअर, कुणी आधी मास्तरकी केलेला. दिवसभर जमिनीच्या नामांतरणाची प्रकरणं, गव्हाची खरेदी, नर्मदेचं पाणी. त्यातून उरलेल्या वेळात आमच्या कानांची राखण.

तेव्हा सतवासला लग्न काढलंत तर लाउडस्पीकरचा अर्ज लवकर द्या, आणि देण्याआधी बाबूंना हळूच विचारा, साहेब आधी काय करत होते. मास्तर असतील तर अर्जातलं शुद्धलेखन तपासून न्या. इंजिनिअर असतील तर स्पीकर किती वॅटचा ते पाठ करून जा. आणि गाणं शिकलेले निघाले, तर बॅन्डवाल्यांना आगाऊ रक्कम देऊ नका.