शब्दांचे सोयरे

इस्रायलमधल्या लोदमध्ये आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा राहतात. माणसाचं नाव विचारायच्या आधी ते शब्दाचं मूळ गाव विचारतात. जन्म पोलंडचा. आईची भाषा यिडिश, पोटापाण्याची हिब्रू. लिपी दोन्हींची एकच, त्यामुळे आजोबांना उसंत म्हणून नाही.

परवा वाण्याने दारावर कागद डकवला होता : दूध नाही. हिब्रूतलं हे 'नाही' वाचायचं 'एन'. तीच तीन अक्षरं यिडिशमध्ये 'इन', म्हणजे 'मध्ये', आणि हे घराणं जर्मन. झालं! आजोबा कागदापुढे उभे. "माझ्या आईने वाचलं असतं, 'दुधात'. पण दुधात काय?" मागे रांग ताटकळलेली. वाणी म्हणाला, "आजोबा, दुधात काही नाही, दूधच नाही."

हिब्रूतून यिडिशमध्ये नांदायला गेलेल्या शब्दांनी लेखन माहेरचं ठेवलं, उच्चार सासरचा उचलला. सत्याचा 'एमेत' तिकडे 'एमेस' झाला, अक्षरं तीच. सोव्हिएत रशियाने मात्र तो उच्चारानुसार लिहायला लावला, अलेफ काढून आयिन बसवला. मॉस्कोचं 'देर एमेस' नावाचं वर्तमानपत्र मथळ्यावर तसंच मिरवायचं. ते बंद पडून जमाना लोटला, आजोबांचा राग मात्र रोज ताजा निघतो.

आम्ही बेने इस्रायली, घरात मराठी, हे कळल्यापासून जिन्यात माझी सुटका नाही. हिब्रूत हत्तीला 'पील' म्हणतात. आमच्याकडे हत्ती बांधायच्या जागेला पीलखाना म्हणायचे, फारसीतून आलाय, एवढंच मी बोलून गेले. हातातली भाजीची पिशवी तासभर खाली ठेवता आली नाही.

'खाखाम' म्हणजे शहाणा. यिडिशमध्ये तोच 'खोखेम', पण जरा सूर लावून म्हटला की महामूर्ख. मी म्हटलं, "आमचा 'मोठा शहाणा' अगदी असाच!" आजोबा हरखले. दुसऱ्या दिवशी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या पोराला त्यांनी शुद्ध कोकणी हेलात ऐकवलं, "मोठा शहाणा!" पोरगा आभार मानून गेला.

आजींना हे सगळं पाठ आहे. स्वयंपाकघरातून त्यांचा एकच शब्द येतो, "तख्लेस!" मुद्द्याचं बोला. "तख्लेस, जेवायचंय की नाही?"

आजोबांचं बोट वर. "हा बघा! हिब्रूतला 'तख्लित', म्हणजे हेतू. यिडिशमध्ये गेला, कामाचा झाला, आणि तिथलाच उच्चार घेऊन परत हिब्रूत—"

आजींनी एकच ताट वाढलं.