सात मिनिटांचे भूत आणि एकतीस प्रकार्ये

प्रेमकथेला बरी दिसणारी जोडी लागते, विनोदी पटाला विनोद लागतो. भयपटाला दिवे घालवले की भागते. त्यामुळे माध्यम-अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाचे जे लघुपट आमच्यासारख्या परीक्षकांपुढे येतात, त्यांत भुतांची कधी टंचाई नसते. भुतांबद्दल तक्रारही नाही. तक्रार आहे ती सोबत जोडलेल्या सैद्धांतिक टिपणाबद्दल. हे टिपण आदल्या रात्री, लॅपटॉपवर चित्रपट रेंडर होत असताना लिहितात आणि त्याचा हेतू एकच असतो: जे आपोआप घडले ते मुद्दाम घडवले होते असे सिद्ध करणे. लिहायचेच आहे तर निदान शास्त्रशुद्ध लिहावे, म्हणून हे मार्गदर्शन.

नियम पहिला. आरंभी व्लादिमीर प्रॉप यांना वंदन करावे. शंभरेक रशियन परीकथा पिंजून या गृहस्थाने 1928 साली दाखवून दिले की, पात्रे कितीही बदलली तरी कथेतली प्रकार्ये एकतीसच आणि त्यांचा क्रम ठरलेला. आपला चित्रपट सात मिनिटांचा. म्हणजे एका प्रकार्याच्या वाट्याला साडेतेरा सेकंद. घाबरू नये, सगळी प्रकार्ये प्रत्येक कथेत असलीच पाहिजेत असे प्रॉप म्हणत नाहीत. हे वाक्य अधोरेखित करावे, पुढे फार उपयोगी पडते.

पहिले प्रकार्य: घरातली एखादी व्यक्ती बाहेरगावी जाते. हे आपल्याकडे कटाक्षाने पाळले जाते, कारण दिग्दर्शकाचे आईबाबा लग्नाला गावी गेल्याशिवाय फ्लॅटच मिळत नाही. दुसरे प्रकार्य मनाई: ‘आतल्या खोलीत जाऊ नका.’ (ही आईचीच सूचना. आत नवा सोफा आहे.) तिसरे, मनाईचा भंग. इथवर प्रॉप आणि पोरे हातात हात घालून चालतात. पुढे नायकाला जादूची वस्तू देणारा दाता लागतो. तो म्हणजे गच्चीची किल्ली देणारा वॉचमन. एकच पात्र अनेक भूमिका पार पाडू शकते, हेही प्रॉप यांनीच सांगून ठेवले आहे. कॅमेरामनलाच भूत व्हावे लागल्यामुळे भूत एकाही चौकटीत धड दिसले नसेल, तर हा दाखला जरूर द्यावा.

नियम दुसरा. तोदोरोव्ह. समतोल, समतोलाचा भंग, भंगाची जाणीव, तो सावरण्याची धडपड आणि शेवटी नवा समतोल. आमच्या दिग्दर्शकांना यातला पहिला टप्पा प्राणप्रिय. गजर वाजतो. हात येतो, गजर बंद करतो. दात घासणे. चहा उकळणे, तोही जवळून. खिडकीतून बाहेर बघणे. सातातली अडीच मिनिटे समतोलातच जातात आणि भुताला घाईघाईने कामे उरकावी लागतात. अरे, समतोल होता हे आम्ही धरून चालतो! सकाळी लोक दात घासतात हे आम्हाला ठाऊक आहे.

याच तोदोरोव्हचे खरे कामाचे पुस्तक वेगळे. 1970 साली त्याने विलक्षण कथांविषयी लिहिताना म्हटले की, घडतेय त्याला लौकिक कारण आहे की अलौकिक, हे ठरत नाही तोवरच त्या कथेचा जीव असतो. कारण कळले की ती एका बाजूला कलंडते. हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ शेवटपर्यंत कलंडत नाही. आमचे लघुपट दोन्हीकडे कलंडतात: सहाव्या मिनिटाला नायिका दचकून जागी होते, म्हणजे स्वप्न होते, आणि मग आरशात भूत दिसते, म्हणजे स्वप्न नव्हते. विचारावे तर उत्तर तयार: “सर, ते मुद्दाम ओपन ठेवलंय.”

नियम तिसरा. लेवी-स्ट्रॉसची द्वंद्वे: उजेड आणि अंधार, शहर आणि गाव, विज्ञान आणि श्रद्धा. अर्धे पान भरते. पुढे चला.

नियम चौथा. कॅरल क्लोव्हर हिने 1987 मध्ये मांडलेली ‘फायनल गर्ल’, म्हणजे सगळे मेल्यावर उरणारी मुलगी. क्लोव्हरच्या मते ती उरते कारण ती सावध असते, तिला धोका आधी जाणवतो. आपल्याकडे कोण उरणार हे होस्टेलच्या वेळेवर ठरते. जिला लवकर परतायचे ती दुसऱ्याच मिनिटाला मरते. सर्वांचे डबे आणणारी, भुताच्या पांढऱ्या साडीला इस्त्री करणारी आणि किंचाळणारीही बहुधा एकच मुलगी असते; टिपणात तिच्या ‘सक्षमीकरणा’वर परिच्छेद असतो. तो तिनेच टाइप केलेला असतो.

नियम पाचवा. बाहेरचे परीक्षक “आपल्या परंपरेत काय?” असे विचारतातच. तेव्हा भरतमुनी काढावेत. भयानक रस, स्थायी भाव भय, वर्ण काळा, हातापायांचा कंप हा अनुभाव. कंप पात्राला सुटावा अशी मुनींची अपेक्षा. आपल्याकडे तो कॅमेऱ्याला सुटतो, कारण ट्रायपॉड दुसऱ्या गटाने नेला. त्याला ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’, 1999, अशी तळटीप द्यावी.

नियम सहावा, आणि इथे मात्र कृपया नीट लक्ष द्या. रोलाँ बार्थने, पुन्हा 1970 सालीच, बाल्झाकच्या एका कथेचे 561 तुकडे केले आणि पाच संकेत सांगितले. त्यातले दोन तुमच्या दारात उभे आहेत. मुलगी दाराकडे जाते, हात कडीवर येतो. कृतिसंकेत म्हणतो, आता दार उघडणार. रहस्यसंकेत म्हणतो, पलीकडे काय आहे ते इतक्यात सांगू नका. या ओढाताणीत भीती असते. ती जितकी लांबवाल तितकी चांगली. तुम्ही काय करता? भुताचे तोंड आणि डाउनलोड केलेला ‘धाड्’. प्रेक्षक दचकतो, दिवाळीत फटाक्यालाही दचकतो.

यंदा एका लघुपटात पहिल्या चौकटीपासून पंख्याचा घरघर आवाज होता. इतका सतत की थोड्या वेळाने ऐकू येईनासा झाला. मुलीचा हात कडीवर आला आणि तो आवाज थांबला. संगीत नाही, किंकाळी नाही. सभागृहात दोघा-तिघांनी मान वर करून डोक्यावरचा पंखा पाहिला. त्यांत मी एक.

टिपणात प्रॉपवर पानेच्या पाने होती, पंख्यावर अक्षर नव्हते. दिग्दर्शकाला विचारले. तो पहिल्यांदाच ‘मुद्दाम’ म्हणाला नाही. “सर, ते... साउंडवाला म्हणाला म्हणून ठेवलं.”

मग साउंडवाल्याला गाठले. मागच्या रांगेत, हेडफोन गळ्यात. त्याची पद्धत साधी. चित्रीकरण चालू असताना पंखा बंदच, सगळे घामाघूम. पंख्याचा आवाज नंतर वेगळा घ्यायचा, म्हणजे हवा तिथे तोडता येतो. खोलीत सगळ्यांना गप्प उभे करून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची, कारण प्रत्येक खोलीची शांतता निराळी आणि संकलनात सांधे बुजवायला तीच लागते. फ्रीजही बंद करायचा, आणि बंद करताना स्कूटरची किल्ली आत ठेवायची. म्हणजे फ्रीज चालू केल्याशिवाय कोणी घरी जाऊ शकत नाही आणि दिग्दर्शकाच्या आईचे दूध नासत नाही. बार्थ वाचलास का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “सिलॅबसला आहे का, सर?”

नियम सातवा, श्रेयनामावलीचा. कथा, पटकथा, संकलन, निर्मिती, दिग्दर्शन, प्रत्येक पाटीवर एकच नाव येते आणि साउंडवाला ‘विशेष आभार’मध्ये वॉचमनच्या खाली सापडतो, तोही आडनावाशिवाय. पुढच्या वर्षीच्या दिग्दर्शकांना विनंती आहे: त्याला स्वतंत्र पाटी द्या, नाव पूर्ण लिहा आणि टिपणाचे एक पान त्याला लिहू द्या. ते पान मी आधी वाचेन.